दाखला काढायची घाई नको

प्रश्न : लेक आठवीत आहे, जूनमध्ये तिला 14 वर्षं पूर्ण होतील. शाळा, मग क्लास, रात्री आठला घरी. चित्रं काढायची तिला फार हौस, ती बंदच पडलीय. नववीपासून घरीच शिकवायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. एप्रिलमध्ये दाखला काढणार आणि मी बँकेतली नोकरी सोडणार. सासूबाई म्हणतात, पोरीच्या दहावीचं वाटोळं कराल. माझं गणित कच्चं आहे, तीच धास्ती वाटते. – एक आई, नाशिक

उत्तर : पत्रात तुम्ही आहात, नवरा आहे, सासूबाई आहेत. लेकीचं मात्र एक वाक्यही नाही. तिला शाळा नको आहे, क्लास नको आहे, की वर्गातलं कुणीतरी नको आहे? नुसता क्लास नको असेल तर तो बंद करा, प्रश्न मिटला. वर्गात कुणी छळत असेल तर घरी बसवून ते संपत नाही, आधी तेच बघावं लागेल. तिला एकटीला घेऊन बसा आणि तुमचा बेत न सांगता विचारा.

तरीही घरीच शिकायचं ठरलं, तर परीक्षा आधी ठरवा. दाखला सगळ्यात शेवटी.

सासूबाईंना बहुधा सतरा नंबरचा फॉर्म ठाऊक असेल. तो भरून राज्य मंडळाचीच दहावी बाहेरून देता येते, पण पेपर शाळेतल्या मुलांचेच आणि विषयही जवळपास ठरलेले. चित्रांसाठी शाळा सोडणाऱ्या मुलीला तो रस्ता कशाला? तिच्यासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे घरी शिकून दहावी देता येणारं मंडळ बरं. तिथे किमान पाच विषय लागतात, त्यात एक भाषा हवीच आणि दोन चालतात. चित्रकला हा तिथे पूर्ण विषय आहे. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, चित्रकला अशी मोट बांधा. 'गणित सोडा, पास होणं सोपं जाईल' असं सांगणारे भेटतील. अकरावीला विज्ञान घेण्याची जराशी जरी शक्यता असेल, तरी गणित-विज्ञान सोडायचं नाही.

तारखांमध्ये बरेच पालक फसतात. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधल्या परीक्षेसाठीचे प्रवेश यंदाच्या मार्चच्या मध्यापासून सुरू होतात, पण त्यासाठी 31 जानेवारीला 14 पूर्ण हवीत. तुमची लेक त्यात बसत नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठीचे प्रवेश सप्टेंबरच्या मध्यापासून, आणि तिथे वय 31 जुलैला मोजतात. म्हणजे यंदा सप्टेंबरात प्रवेश आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात परीक्षा. तिच्या मैत्रिणी दहावीला बसतील त्याच्या चार-पाच महिने आधी ही मोकळी. वर्ष वाया जात नाही, हे सासूबाईंना कॅलेंडर पुढे ठेवून दाखवा. एखादा विषय राहिला तर एप्रिल आहेच; नोंदणी पाच वर्षं चालते. मात्र सगळे विषय एप्रिलवर ढकलू नका, निकाल उशिरा लागला की अकरावीच्या प्रवेशाची धावपळ होते. फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून तारखा पुन्हा ताडून घ्या.

दुसरी चूक टीएमएची, म्हणजे घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांची. त्यांना 20 टक्के गुण असतात. धड्यांचीही वाटणी आहे : साधारण 40 टक्के धडे स्वाध्यायांसाठी, उरलेले 60 टक्के लेखी परीक्षेसाठी. ही यादी पहिल्याच दिवशी छापून भिंतीला लावा, नाहीतर पोर परीक्षेत न येणारे धडे घोकत बसते आणि स्वाध्यायांची मुदत निघून जाते. पुस्तकं टपालाने यायला वेळ लागू शकतो. संकेतस्थळावर ती फुकट आहेत, उतरवून घ्या. विज्ञानाची प्रात्यक्षिकं अभ्यास केंद्रावर होतात, म्हणून केंद्र निवडताना फक्त घरापासूनचं अंतर बघू नका, प्रयोगशाळा आत जाऊन बघा.

आता रोजचं. चित्रकला सोडून चार विषयांचे मिळून शंभर-सव्वाशे धडे धरा. या जूनपासून पुढच्या मेपर्यंत, सणवार-आजारपण वगळून, चाळीस-बेचाळीस आठवडे हातात येतात. म्हणजे आठवड्याला तीन धडे. त्याला सकाळचे चार तास पुरतात. पुढच्या जूनपासून फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. घरात सात तासांची शाळा भरवलीत तर ती पंधरा दिवसांत बंद पडेल.

नोकरी सोडू नका. चौदा वर्षांच्या मुलीला दिवसभर समोर बसलेली आई नको असते, आणि पगारावर पाणी सोडलेल्या आईला प्रत्येक चुकलेलं गणित जिव्हारी लागतं. तिला सकाळी एकटीनेच बसू दे, संध्याकाळी अर्धा तास तुम्ही वही बघा. गणिताला आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास शिक्षक लावा. तुमच्या पगारापुढे ती फी किरकोळ आहे. आणि आठवड्यातले तीन दिवस तरी ती तिच्या वयाच्या मुलांत असली पाहिजे, चित्रांचा वर्ग असो की मैदान. शालेय क्रीडा स्पर्धा मात्र शाळेत नाव नसल्यावर बंद होतात, खेळत असेल तर हे तिला आधीच सांगा.

मे महिन्यात तीन आठवडे हेच वेळापत्रक चालवून बघा, दाखला न काढता. नऊ धडे झाले पाहिजेत. पाच झाले तर आळस म्हणायच्या आधी कुठे अडतंय ते बघा. बहुतेक वेळा ते गणितच असतं. तीन आठवड्यांनंतरही तिला हेच हवं असेल, तर जूनमध्ये शाळेत अर्ज द्या. दाखल्यावर तिचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात आधार कार्डाशी आणि घरातल्या जुन्या दाखल्यांशी अक्षरन् अक्षर जुळवा, कारण शाळेचा संबंध सुटल्यावर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. आठवीचं गुणपत्रक सोबत घ्या, आणि मूळ दाखला कुठेही द्यावा लागला तर पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.