जुन्या प्रीमिअर पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग बसवावं का?

बसवता येतं, पण आधी जॅक लावून पुढची चाकं उचला आणि स्टिअरिंग फिरवून बघा. हवेतही जड लागलं तर दोष गाडीच्या रचनेचा नाही. बहुधा किंगपिनमधलं (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं ती) ग्रीस वाळलंय किंवा स्टिअरिंग बॉक्समधलं तेल संपलंय. कित्येक पद्मिनी नुसत्या ग्रीसगनने हलक्या होतात! रुंद रेडिअल टायर घातले असतील तर पार्किंगला जोर लागणारच, हवेचा दाब तपासा.

तरीही हवंच असेल तर कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंग चाकाखालच्या दांड्यावर, बसणारं इलेक्ट्रिक युनिट बरं, पंप-पट्ट्याची भानगड नाही. अडचण एकच, पण मोठी: बहुतेक पद्मिनींचा गिअर दांडा कॉलमवरच असतो. मोटर बसवायची तर त्याची जोडणी हलवावी लागते, आणि तिथे कापाकापी करून केलेलं वेल्डिंग मला अजिबात मान्य नाही. स्टिअरिंगचा शाफ्ट तुटला तर पुढे काहीच हातात राहत नाही. मोटर वळताना बराच करंट ओढते, त्यामुळे जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर.

मोटर बसल्यावर वळण घेऊन स्टिअरिंग आपसूक सरळ येत नसेल, तर अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) तपासून घ्या. कॅस्टर वाढवला की चाकं सरळ यायला बघतात; जो जडपणा वाढतो तो आता मोटर पेलते.