असईची लढाई नकाशावर मांडताना: आधी जमीन, मग तोफा

तुम्ही विचारलंय की असईच्या लढाईचा (इंग्रज विरुद्ध शिंदे, २३ सप्टेंबर १८०३) सैन्याच्या हालचालींचे बाण काढलेला नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे टाकलाय, त्यावरून इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची एवढी कत्तल का झाली ते कळेल का. कळेल, पण बाणांचा लेयर, म्हणजे नकाशावरचा तो थर, आधी बंद करा. बाण म्हणजे कोणीतरी नंतर काढलेला निष्कर्ष, तो समोर असला की डोळे तेच शोधत बसतात.

जमिनीसाठी ३० मीटरचा एसआरटीएम डेटा, म्हणजे जमिनीच्या उंचीची ३०-३० मीटरच्या चौकोनांतली मोजणी, फुकट मिळतो. प्रोजेक्शन यूटीएम ४३ उत्तर लावा, म्हणजे अंतरं मीटरमधे मोजता येतात, मी सुरुवातीला अक्षांश-रेखांशाच्या डिग्रीतच बफर (ठरावीक अंतराची वर्तुळं) मारत होतो आणि दोन दिवस वाया गेले. पण ३० मीटरच्या एका चौकोनात जुई नदीचे काठ गडप होतात हो, आणि सगळा खेळ तर त्या उभ्या काठांचाच आहे, तोफा नि घोडी वाट्टेल तिथून उतरत नव्हती. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला केळणा या दुसऱ्या नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली आणि त्याने ताडलं की मधे उतार असणारच, तिथूनच तो आला. त्यामुळे काठाकाठाने चालत जा, उतार दिसेल तिथे मोबाइलवर जीपीएस पॉइंट घ्या, फक्त आता बंधारे आणि नांगरटीने बरंच बदललंय हे धरून चाला.

शिंद्यांच्या कवायती पलटणींचं तोंड आधी दक्षिणेला, केळणेकडे होतं. वेलस्ली बगलेवर येतोय म्हटल्यावर त्यांचा युरोपियन सेनानी पोलमन याने ती अख्खी रांग पूर्वेकडे फिरवली, एक टोक केळणेला आणि दुसरं असई गावाला. शत्रू समोर असताना हे करणं म्हणजे काय शिस्त लागत असेल, आपल्याकडे याचं कौतुक फार कमी होतं असं मला मनापासून वाटतं.

आता गावाच्या कडेला तोफांचे पॉइंट टाका आणि दोन वर्तुळं काढा, ३०० मीटरचं छर्र्यांच्या माऱ्याचं आणि १०० मीटरचं बंदुकीचं. ऑरॉक या इंग्रज अधिकाऱ्याची तुकडी चुकून गावाच्या दिशेने सरकली, ७४ वी तिच्या मागोमाग गेली, म्हणजे दोन वर्तुळांमधलं २०० मीटर अंतर त्यांना छर्रे खात चालायचं होतं आणि त्यांची बंदूक तिथून काही उपयोगाची नव्हती. तेव्हाच्या संथ कवायती चालीने, मिनिटाला ७५ पावलं, ते अंतर साडेतीन मिनिटांचं होतं. साडेतीन मिनिटं, उघड्यावर!

आणि एक कळकळीची विनंती, शेतकऱ्याने नांगरात सापडलेला गोळा दाखवला तर उचलून आणू नका. कुठल्या बांधाजवळ मिळाला त्याचा पॉइंट घ्या, व्यास मोजा, ताणकाट्यावर वजन करा, सहा पौंडी गोळा पावणेतीन किलोच्या आसपास भरतो, गंजला असेल तर थोडा कमी. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर १९८४ मधे एकेका काडतुसाची जागा अशीच नोंदली, मग त्यावरच्या फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळणाऱ्या रायफलच्या खिळीच्या) खुणा जुळवून एकच रायफल मैदानात कुठून कुठे फिरली ते काढलं. जागा न नोंदता घरी आणलेला गोळा मात्र शोकेसमधलं लोखंड होऊन बसतो.