महिला समुपदेशन केंद्रातील इंटर्नशिप : मुलीला पाठवावे का?

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातील एका गावात राहतो. मुलगी सांगलीच्या महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सहाव्या सत्रासाठी तिला चार क्रेडिटची इंटर्नशिप करायची असून, कौटुंबिक हिंसाचाराने पीडित महिलांना मदत करणारी सांगलीतील एक संस्था तिने निवडली आहे. अशा ठिकाणी चिडलेले नवरे येतात, पोलीस-कोर्टाच्या भानगडी असतात, याची आम्हाला भीती वाटते. रोज तेच ऐकून तिचे मन लग्नावरूनच उडेल, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. याचा पुढे नोकरीला काही उपयोग होतो का? आणि पाठवायचेच तर दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकता येईल का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलीला पाठवावे, असे माझे मत आहे. मात्र संस्था नीट तपासून पाठवावे. ही तपासणी करण्यासाठी मी एकच प्रश्न महत्त्वाचा मानतो : ती संस्था विद्यार्थिनीला कोणती कामे करू देत नाही?

‘पहिल्याच दिवसापासून प्रत्यक्ष केस हाताळायला मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर ती संस्था टाळावी. मार खाऊन आलेल्या स्त्रीशी होणाऱ्या पहिल्या बोलण्यात ती आज रात्री घरी सुरक्षित जाऊ शकते का, मुले कोठे आहेत, अंगावर जखमा असतील तर सिव्हिलमध्ये नोंद झाली आहे का, जिवाला धोका कितपत आहे, हे सारे तिच्या कलाने समजून घ्यावे लागते. आणि त्या वेळी एखाद्या नवख्या मुलीच्या तोंडून सहज निघालेले ‘थोडे सांभाळून घ्या’ हे वाक्य त्या स्त्रीला पुन्हा कित्येक वर्षे गप्प बसवू शकते. म्हणून समुपदेशन, दोन्ही बाजूंची एकत्र बैठक, सासरच्या मंडळींशी फोनवर बोलणे आणि गृहभेट ही कामे प्रशिक्षित कार्यकर्त्यांचीच असतात. विद्यार्थिनीने तेथे बसायचे ते संबंधित स्त्रीने होकार दिला तरच, आणि तेही ऐकण्यापुरते.

यावर आपण म्हणाल की मग शिकायचे काय? शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याखाली संरक्षण अधिकारी घटना अहवाल कसा तयार करतात, कलम 12 चा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे कसा जातो, संरक्षण, निवास, खर्चाची रक्कम आणि मुलांचा ताबा यांबाबतचे आदेश कसे वेगवेगळे असतात, हे वर्गात तासभर ऐकून जेवढे कळते त्याहून एका फाइलीतून अधिक कळते. अर्जावरची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत असावी आणि निकाल 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पुढे जातात, हेही तेथेच कळेल. बाई अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली असते. तिचे आधारकार्ड, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, मुलांचे दाखले कोठून आणि कसे मिळवायचे, याची यादी करून पाठपुरावा करणे हे विद्यार्थिनीला जमण्यासारखे आणि अत्यंत उपयोगाचे काम आहे. आई आत बोलत असताना बाहेर तिच्या मुलांना सांभाळणे हेही तितकेच मोलाचे आहे. अनेक विद्यार्थ्यांना ते कमीपणाचे वाटते, याचे मला नेहमी नवल वाटते.

आपण ज्याला भानगड म्हणता, ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या पुढाकाराने परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांसाठी सांगली जिल्ह्यात चळवळ उभी राहिली, तेव्हा स्वतंत्र रेशनकार्ड आणि राहायला हक्काची जागा याच मागण्या पुढे होत्या. आजच्या कायद्यातही सामायिक घरात राहण्याचा हक्क कलम 17 ने स्त्रीला दिलेला आहे. अशा संस्था घरे मोडायला शिकवतात, हा समज त्यामुळेच मला अपुऱ्या माहितीवर आधारलेला वाटतो. येणाऱ्या कितीतरी जणींना घर सोडायचे नसते, मारहाण थांबायला हवी असते, आणि काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच असतो.

चिडलेल्या नवऱ्यांपेक्षा मला गोपनीयतेची काळजी अधिक वाटते, आणि पत्रात तिचा उल्लेख नसल्यामुळे ती येथे विस्ताराने मांडतो. मुंबई-पुण्यात समोर बसलेली स्त्री अनोळखी असते. सांगली-तासगावात ती आपल्या भावकीतली, मामाच्या गावची किंवा वर्गमैत्रिणीची वहिनी निघू शकते. असे झाले तर आपल्या मुलीने तत्काळ पर्यवेक्षकांना सांगून त्या प्रकरणापासून पूर्ण बाजूला व्हावे, आणि घरी येऊन आपल्याला किंवा आईला त्याविषयी चकार शब्द सांगू नये. आपणही विचारू नये. ‘आज कोण आले होते?’ हा जेवताना सहज विचारलेला प्रश्नही तिला अडचणीत टाकील. महाविद्यालयाला द्यायच्या अहवालात बहुधा एखादे प्रकरण लिहावे लागते आणि नाव बदलले की झाले, असे विद्यार्थी समजतात. खानापूर-आटपाडी भागातील गाव, गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात असलेला नवरा, दोन मुली आणि अंगणवाडीतली नोकरी, एवढे तपशील आले की विट्याच्या बाजारात ती बाई नावाशिवाय ओळखली जाते. म्हणून अहवाल महाविद्यालयात देण्यापूर्वी संस्थेकडून वाचून घ्यावा, आणि एका व्यक्तीच्या कहाणीऐवजी कामाची पद्धत लिहावी. केंद्रातील फोटो, व्हॉट्सॲप स्टेटस, निवारागृहाचा पत्ता कोणाला सांगणे, हे सर्व वर्ज्य.

सुरक्षिततेबाबत प्रत्यक्ष जाऊन पाहणे उत्तम. आपण एकदा संस्थेत जावे आणि कोणी दारात येऊन आरडाओरडा केला तर काय करता, असे सरळ विचारावे. ज्यांची व्यवस्था ठरलेली आहे त्यांना उत्तर द्यायला वेळ लागत नाही. विद्यार्थिनीचा मोबाइल नंबर कोणत्याही पक्षकाराला दिला जाऊ नये, काम दिवसाउजेडी संपावे आणि तासगावची एसटी वेळेवर मिळावी. एखाद्या लहान मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर पोक्सो कायद्याने ती माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून तिने ते मनात न ठेवता त्याच क्षणी पर्यवेक्षकांना सांगावे.

आता तिच्या आईच्या शंकेविषयी. ऐकलेले मनात साचते, झोप उडते, चिडचिड होते, हे खरे आहे. म्हणून पर्यवेक्षक दर आठवड्याला विद्यार्थ्यांशी स्वतंत्र बसून बोलतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे. एखाद्या मुलीने स्वतःच्याच घरात हिंसा पाहिली असेल, तर मी तिला आधी कोणाशी तरी बोलण्याचा आणि मग असे काम निवडण्याचा सल्ला देतो. लग्नाचे म्हणाल, तर आपली मुलगी स्थळ पाहताना देण्याघेण्याबद्दल आणि स्वतःच्या पगाराबद्दल नेमके प्रश्न विचारील, एवढे मात्र होईल. आईने त्याची धास्ती घेऊ नये.

नोकरीच्या दृष्टीने आशा मोजूनमापून ठेवावी. पोलीस यंत्रणेशी जोडून काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष मुंबईत 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाले आणि पुढे राज्यभर पसरले. 2015 पासून पीडित महिलांना एकाच ठिकाणी सर्व मदत देणाऱ्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आली. अशा ठिकाणी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीला महत्त्व असते, आणि ती साताऱ्याजवळ जकातवाडीच्या समाजकार्य महाविद्यालयातही करता येते. तेथे आठवड्यातील ठरावीक दिवस क्षेत्रकार्य असल्याने आत्ताचा अनुभव वाया जाणार नाही. पदे बरीचशी कंत्राटी आणि मानधन बेताचे असते, हे आधीच माहीत असलेले बरे. तिला नैदानिक मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्या परिषदेकडे नोंदणी लागते. त्या वाटेवर या इंटर्नशिपला पूरक अनुभव एवढेच स्थान आहे. पैसे भरून ऑनलाइन मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या तुलनेत मात्र ती केव्हाही वरचढ.

दिवाळीच्या सुट्टीत हे उरकू नये. एका क्रेडिटला 30 तास धरले तर एकूण 120 तास होतात आणि ते सलग तीन आठवड्यांत बसतीलही. पण दोन तारखांमध्येच महिना जातो, आणि सुट्टीत न्यायालयेही बंद असतात. सहाव्या सत्रात आठवड्यातून दोन दिवस जाऊन तीन-चार महिन्यांत तास पूर्ण करावेत. त्यासाठी दिवाळीपूर्वीच विभागप्रमुखांकडे अर्ज द्यावा आणि कामाचे स्वरूप, वेळ, पर्यवेक्षकाचे नाव व गोपनीयतेची अट संस्थेकडून लेखी घ्यावी. हे लेखी द्यायला संस्थेने टाळाटाळ केली, तर दुसरी शोधावी.