लुडविग म्हणजे रण गाजवलेला

बीथोव्हेनच्या लुडविग या नावाचा अर्थ काय, आणि मराठीत ते लुडविग लिहायचं का लुडविख, असा प्रश्न आलाय. हे माझं अगदी आवडतं नाव आहे कारण त्याचा अर्धा भाग आपल्या घरातलाच आहे.

जुन्या जर्मनमधे हे ह्लूडविग असं होतं. ह्लूड म्हणजे नावाजलेला, ज्याचं नाव चार लोकांच्या कानावर गेलंय असा, आणि विग म्हणजे लढाई. यातला ह्लूड हा आपल्या संस्कृत श्रुतचा भाऊबंद. मी ओढूनताणून जुळवत नाहीये हां, यात पक्का नियम आहे, संस्कृत आणि जर्मन ज्या एकाच मूळ भाषेतून आल्या तिच्यातल्या ज्या क चा संस्कृतात श झाला त्याचा जर्मनच्या घराण्यात ह झाला, म्हणून आपलं शत तिकडे हुंडर्ट, श्वान तिकडे हुंड आणि शृंग तिकडे हॉर्न. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू माहितीयत ना, त्यातला थोरला याकोब, त्याने १८२२ मधे हे व्यंजनबदल नीट मांडून दाखवले.

आणि नुसता शब्दच नाही, दोन शब्द जोडून माणसाचं नाव करायची पद्धत पण तीच. महाभारतात जनमेजयाच्या एका भावाचं नाव श्रुतसेन आहे, ज्याची सेना नावाजलेली असा तो. लुडविगच्या इतकं जवळचं नाव मला दुसरं सापडलं नाही.

आता आजच्या जर्मनमधे लाउट म्हणजे मोठ्या आवाजातलं, इंग्रजीतलं लाउड पण तेच, त्यामुळे लुडविग म्हणजे आरडाओरडा करत लढणारा असा अर्थ लावायचा मोह होतो. तो लावू नका. आपण गाजणे कसं वापरतो बघा, मूळ अर्थ आवाज घुमणे, पण सभा गाजली, पुस्तक गाजलं म्हटलं की कोणाला आवाज आठवत नाही, कीर्ती आठवते. ह्लूडचं अगदी तसंच झालं. म्हणून मला विचाराल तर लुडविगचं चोख मराठी म्हणजे 'रण गाजवलेला'.

या नावाने प्रवास पण केवढा केला! ५११ साली वारलेला फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस, तो हाच. पुढे सुरुवातीचा ह गळला, लॅटिनमधे लुडोविकुस झालं, फ्रेंचमधे घासून घासून लुई, म्हणजे ते सोळावा लुई वगैरे सगळे लुडविगच. इटालियनमधे लुईजी, पोर्तुगीजमधे लुईश, आणि तिथून आपल्या गोव्यात लुईस. चांदरचे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८), ज्यांच्या नावाची संस्था पणजीत आहे, त्यांचं आणि बीथोव्हेनचं नाव एकच!

राहिला उच्चार. जर्मन माणूस ड चा ट करतो आणि लू लांबवतो, आपण लूटमार म्हणताना लूट म्हणतो ना, साधारण तसं. शेवटचा ग प्रमाण जर्मनमधे ग राहत नाही, जीभ य च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची, श आणि ह च्या मधला आवाज येतो. दक्षिणेत बव्हेरियाकडे मात्र सरळ लूटविक ऐकू येतं. लुडविख मधला ख यातल्या कशातच बसत नाही, त्यामुळे मराठीत रुळलेलं लुडविगच लिहा.