थायरॉईड आहे, वजन कमी करायला घेतलं आणि पुन्हा फसलं तर? ही भीती कशी घालवावी?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, "याही वेळी जमलं नाही तर घरचे काय म्हणतील." तेवढं वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. काट्यावर उभं राहायची भीती वाटते म्हणता, पण मला त्यात काट्यापेक्षा काटा बघायला जमलेली माणसंच जास्त दिसली.

मला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करते. मी पुरुष आहे, साखर कारखान्यात टाइम ऑफिसला असतो, आणि "हा बायकांचा आजार तुला कसा काय?" हे ऐकून कान किटलेत. बायकांत जास्त आढळतो हे खरं, पण पुरुषांनी काही गंडा बांधून घेतलेला नाही. २०१३ साली मुंबई-गोव्यासह देशातल्या आठ शहरांच्या पाहणीचा निकाल छापून आला होता. त्यात दहा प्रौढांमागे साधारण एकाला हायपोथायरॉईड निघाला. म्हणजे तुमच्या भावकीतल्या कुठल्याही पंगतीत दोन-चार जण सापडतील, फक्त बोलणार नाहीत.

आता आमच्या थोरल्या साडूंबद्दल. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावून येतो. पण काही वर्षांपूर्वी त्यांनी वजन उतरवायचा क्लब काढला आणि त्यांना सगळं सासर गिऱ्हाईक दिसायला लागलं. पाडव्याला आम्ही सगळे जावई सासुरवाडीला जमलेलो. जेवणं उरकली, पानसुपारी फिरत होती, तेवढ्यात साडूंनी पिशवीतून काचेचा डिजिटल काटा काढला आणि सोप्यातल्या शहाबादी फरशीवर ठेवला. "या पाव्हणं, बघू पोट कुठवर आलंय." सासूबाई दारात, मेव्हण्या आत परातीपाशी, पोरं भोवती. मी उभा राहिलो आणि साडूंनी आकडा गावाला ऐकू जाईल असा वाचला. शहाबादी फरशी कधी सपाट नसते. काटा उचलून मी स्वयंपाकघरातल्या नव्या टाइल्सवर ठेवला, तर दीड किलो कमी दाखवला. कुणी ढुंकून बघितलं नाही. वहीत सोप्यातलाच आकडा चढला.

झालं, मला ग्रुपात घेतलं. सकाळी सहाला क्लबात हजेरी, तिथं एक मोठा ग्लास शेक. मी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घ्यायचो. साडू म्हणाले, गोळी गिळायची आणि लगेच शेक प्यायचा, रिकाम्या पोटी राहायचं नाही. डब्यावर स्वच्छ छापलेलं होतं, सोया प्रोटीन, कॅल्शियम, लोह. तेव्हा कोण वाचतंय.

सुरुवातीला उतरलं थोडं. रात्रीचं जेवण बंद केल्यावर कुणाचंही उतरतं. मग काटा एका जागी बसला तो हलेना. दुपारच्या पाळीला खुर्चीतच डोळा लागायचा, एप्रिलात अंगावर शाल घ्यावीशी वाटायची, पोट साफ होईना. दर सोमवारी ग्रुपवर सगळ्यांच्या वजनाची यादी पडायची, ज्यांचं उतरलं ते हिरव्यात, उरलेले लाल. मी लालमध्ये. एका सोमवारी साडूंनी यादीखाली लिहिलं, "पाव्हण्यांचं मनच लागत नाही यात." त्याला बायकोच्या माहेरच्या चौदा जणांनी अंगठे दिले. एक अंगठा माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा होता, जो स्वतः रोज वडापाव खातो.

शेवटी कराडच्या डॉक्टरांकडे गेलो. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन, अकराच्या वर. त्यांनी डोस वाढवायच्या आधी एकच विचारलं, "गोळीनंतर किती वेळाने काय घेता?" मी शेकचं सांगितलं. ते हसलेसुद्धा नाहीत, नुसती कागदावर रेघ मारली. सोया, कॅल्शियम आणि लोह ही गोळी पोटात धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊ देत नाहीत. म्हणजे मी रोज नेमाने गोळी खात होतो आणि तिचा बराच भाग वाया जात होता. डोस तोच ठेवला, शेक बंद. गोळी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांनी. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, टीएसएच रेंजमध्ये. झोपाळूपणा गेला, शाल गेली.

साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, "गोळीची सवय लागते, तीच सोडा, आमच्याकडे मुळासकट बरा करतात." हा वाद आमच्यात अजून चालू आहे, म्हणून इथे एकदाचं लिहून टाकतो. आपल्याकडे मिठात आयोडीन असतं, त्यामुळे बहुतेकांचा थायरॉईड आयोडीन कमी पडून बिघडत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली हे दुखणं लिहून ठेवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. त्यात ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते आणि ती जे थायरॉक्सिन नावाचं हार्मोन बनवायची तेच आपण गोळीतून घेतो. चष्मा रोज लागतो म्हणून कुणी त्याला व्यसन म्हणत नाही. पावडरीने ग्रंथी परत उभी राहत नाही, डबा कितीही महाग असो.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐका, कारण तेही तुम्हाला आवडणार नाही. सगळं वजन थायरॉईडचं नसतं. डॉक्टर मंडळी सांगतात की हायपोथायरॉईडमुळे चढणारं वजन बहुतेकांत दोन ते साडेचार किलोच्या आसपास असतं, आणि त्यातलं बरंचसं मीठ आणि पाणी. माझं जादा वजन वीसेक किलो होतं. त्यातले चार ग्रंथीच्या नावे टाकले तरी उरलेले सोळा आमच्या कँटीनच्या कांदाभज्यांचे. "थायरॉईड आहे, माझं उतरणारच नाही" म्हणणारे आणि "थायरॉईड हे निमित्त आहे" म्हणणारे, दोघेही मला सारखेच डोक्यात जातात. टीएसएच ताळ्यावर असेल तर तुमचं वजनही इतरांसारखंच उतरतं, म्हणजे रडतखडत.

भीतीचं म्हणाल तर आधी रक्त तपासा. टीएसएच वाढलेला असताना मन खचतं, काही करू नये असं वाटतं, हातपाय जड होतात. तुम्ही जिला अपयशाची भीती म्हणताय तिच्यातला काही भाग त्या रिपोर्टातच असू शकतो. रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यावं. केसांसाठी बायोटिन नावाचं जीवनसत्त्व घेत असाल तर डॉक्टरांना सांगून दोन दिवस आधी बंद करा, त्याने थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात.

दुसरं, कुणाला सांगू नका. संकल्प नाही, ग्रुप नाही, स्टेटसला बुटांचा फोटो नाही. घरच्यांनी बघितलंच नाही तर म्हणणार काय? लोक म्हणतात, जाहीर केलं की माणूस बांधला जातो. माझा अनुभव असा की जाहीर केलं की माणूस लपायला शिकतो. मी स्वतः सोमवारच्या आदल्या दिवशी जेवायचो नाही. आता आठवड्यातून एकदा, त्याच टाइलवर, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करतो आणि आकडा बायकोलाही सांगत नाही. खाण्यातलं मिठाचं, पाण्याचं प्रमाण इकडेतिकडे झालं की किलो-दीड किलो असाच हलतो, त्यावर रडायचं नाही. पट्ट्याचं भोक बघा, ते खोटं बोलत नाही.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. थायरॉईडचं खास डाएट असं काही नसतं. कोबी-फ्लॉवर शिजवून बेताने खाल्ला तर काही होत नाही, त्याला उगाच बदनाम केलंय. भाकरी एक कमी, उसळ एक वाटी जास्त, रोज पाऊण तास चालणं, भजी बंद. माझं यानेच उतरलं, फार हळू. वजनाच्या पाच टक्के जरी उतरले तरी बीपी आणि साखरेला फरक पडतो. नव्वद किलोच्या माणसाला ते साडेचार किलो झाले. साडूंच्या यादीत साडेचार किलोला कुणी हार घातला नसता.

हे सगळं मी माझ्यापुरतं लिहितोय, डॉक्टर नाही. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर वजन राहू द्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा, त्या काळात गोळीचा डोस बहुधा वाढवावा लागतो. हृदयाचं दुखणं असेल तर चालण्याचंही विचारून घ्या. आणि लवकर उतरावं म्हणून कुणी जास्तीची गोळी घ्यायला सांगितली तर त्याला दारातूनच परत पाठवा. जादा डोसने छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात. माझ्या ओळखीच्या एकाने केलंय हे.

भावाच्या लग्नापर्यंत दहा किलो उतरवायचे म्हणता. नाही उतरणार. लग्न माघात आहे, आत्ता कार्तिक चालू आहे. कपडे आजच्या मापाने शिवायला टाका, आणि शिंप्याला आतून माया जरा जास्त ठेवायला सांगा, मग कपडा सैलही करता येतो आणि घट्टही.