हाडांचं काम शिकायला अमेरिकेला यायचं म्हणतेस तर

तू विचारलंस, "ताई, फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी झालंय, आता हाडांवरच काम करायचंय. नाशिक सोडून तिकडे येऊ का? एकटं वाटतं का?" व्हिसा, फी, परीक्षा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते लिहीत नाही.

आधी काम सांगते. सरमिसळ झालेली हाडं टेबलावर आली की पहिला प्रश्न, माणसं किती? उजव्या मांडीची हाडं पाच निघाली तर किमान पाच जण. डावी चार असली तर ती त्याच पाचांतली, असं धरून चालत नाही. लांबी-जाडी ताडून बघायची, मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो का बघायचं, मग डीएनए. पर्ल हार्बरला 1941 साली बुडालेल्या 'ओक्लाहोमा' युद्धनौकेवर 429 जण गेले. त्यांतल्या अनोळखी म्हणून पुरलेल्यांची एक शवपेटी 2003 मध्ये उघडली. नोंद पाच जणांची होती, हाडं निघाली 90हून अधिक जणांची! बाकीच्या पेट्या 2015 मध्ये उकरल्या. अनोळखी म्हणून पुरलेल्यांपैकी 33 जण सोडून सगळ्यांना 2021पर्यंत नाव मिळालं. अशी हाडं ओळखतात त्या प्रयोगशाळेत मला काम करायचं होतं. पण तिथल्या सरकारी नोकरीला बहुतेक वेळा नागरिकत्व लागतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घे. माझ्या पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. त्यापायी बाबांनी गुडघे दुखत असताना पहाटेची एसटी धरून विद्यापीठात किती खेटे घातले!

आणि लेकाची शाळा. फॉर्मवर घरची भाषा 'मराठी' लिहिली, तर त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांत बसवलं. जन्मला इथेच तो. तेव्हापासून मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. आता अकरावीत आहे. तो फॉर्म पुन्हा भरायचा असता तर काय लिहिलं असतं, माझं अजून ठरत नाही.

एकटेपणाची सवय होते.

बाबा गेले तेव्हा तिकीट मिळालं ते चौथ्या दिवसाचं. दादाने सावडताना व्हिडिओ कॉल लावला. राखेतून त्याच्या हाताला घोट्याचं हाड लागलं, आणि ते उजव्या पायाचं की डाव्या, हे मी बघायला लागले. डाव्या पायाचं होतं. दादा रडत होता. मी कॉल बंद केला. रामकुंडावर अस्थी सोडल्या ते मी पाहिलं नाही. आईला नेटवर्क गेलं असं सांगितलंय.

तू ये. घ्यायला विमानतळावर मी येईन. फक्त परतीच्या एका तिकिटाचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव आणि काहीही झालं तरी त्यांना हात लावू नकोस.