जेवणाच्या टेबलावरचं ‘प्रिव्हिलेज’

दहावीतली मुलगी जेवता जेवता म्हणते, “बाबा, यू आर सो प्रिव्हिलेज्ड.” बाबांचा घास हातातच राहतो. दोन बॅगा घेऊन या देशात उतरलेल्या, ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षं काढलेल्या माणसाला हा शब्द शिवीसारखा लागतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत हे भांडण होतं तेव्हा त्यात बराचसा घोळ शब्दाचाच असतो.

कोशात पाहाल तर ‘विशेषाधिकार’ सापडेल. तो शब्द विधिमंडळातला. कुणीतरी लिहून दिलेला हक्क, असा त्याचा वास येतो. ‘सवलत’ म्हणावं तर गाडी थेट आरक्षणावर जाते. मुलं शाळेत शिकतात तो अर्थ वेगळा आहे: दुसऱ्याच्या वाटेत असलेला अडथळा आपल्या वाटेत नसणं, आणि तो नव्हता हे आपल्या लक्षातही न येणं. म्हणून घरात बोलताना सरळ ‘वाट मोकळी असणं’ म्हणा. वाट मोकळी होती म्हणजे चालावं लागलं नाही, असं नव्हे. एवढं आधी बोलून घेतलं की बाबांचा आवाज खाली येतो.

मुलांनाही एक सवय लावा. माणसाला ‘प्रिव्हिलेज्ड’ म्हणायचं नाही, ‘कशाच्या बाबतीत’ ते सांगायचं. उच्चारामुळे मीटिंगमध्ये डावलला जाणारा माणूस घर घेताना मोकळ्या वाटेने जात असू शकतो.

घराचंच उदाहरण घ्या, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. आपण शाळेचं रेटिंग बघून घर घेतो. शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम वस्ती, लाल म्हणजे धोक्याची. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. अशा भागांत सरकारी हमीचं कर्ज मिळणं मुश्किल होतं. घरखरेदीतला भेदभाव बेकायदा ठरला तो १९६८ मध्ये. तोवर एका पिढीचं घर, म्हणजे पुढच्या पिढीचं भांडवल, हातचं गेलं होतं. हे नकाशे रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या संकेतस्थळावर आहेत. मुलीसोबत बसून आपलं किंवा जवळचं मोठं शहर उघडा, शेजारी आजचं शाळांचं रेटिंग लावा. वीस मिनिटं लागतात. तासभर वाद घालून जे कळत नाही ते इथे डोळ्यांना दिसतं.

मग आपली गोष्ट सांगा, अर्धी नको, पूर्ण. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेले भगतसिंग थिंड ‘गोरे’ नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं. १९४६ मध्ये भारतीयांसाठी दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यापुरतं. खरं उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत. तो लढा आघाडीवर राहून लढले ते कृष्णवर्णीय. ‘आम्ही कष्टाने वर आलो, त्यांना काय झालं?’ हे वाक्य म्हणूनच खोटं पडतं. शिवाय त्या कायद्याने शिकलेल्यांना पसंती दिली, म्हणजे आपण गाळणीतून आलेले लोक.

घरातली बोली मात्र आधी सुधारा. ‘तो काळ्या’, ‘कल्लू’ हे शब्द पाहुण्या आजी-आजोबांसमोरही चालवून घेऊ नका. मुलांना अर्थ आणि सूर दोन्ही कळतात. ‘ब्लॅक मुलगा’ म्हणा, तेही रंग सांगणं गरजेचं असेल तेव्हाच. जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना, हे आजोबांना जरूर सांगा.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग आपली जात कोणती?” टाळू नका. आजोबांच्या आजोबांना शाळेत बसू दिलं होतं का, जमीन कुणाच्या नावावर होती, गावात विहीर कुणाला खुली होती, हे तिला सांगा. माहीत नसेल तर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिलाच आजोबांना विचारू द्या.